तांबडीचा चीक

केजमध्ये दुधाची खात्री द्यायची झाली तर लोक चन्नप्पाचं नाव घेत, आणि घेणाऱ्यांत त्याची पुतणी रुचिका सगळ्यांत पुढं असे. तीच रुचिका आज मांजरसुंब्याहून जीपमध्ये, दोन बायका आणि एक कांद्याचं पोतं यांच्या मधे दबून, स्वतःच्या काकाला पकडायला निघाली होती. तांबडी गाय व्यायला टेकलीय, चीक न्यायला या वेळी मीच येते, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. पण माणूस अर्धं खरं बोलतो तेव्हा उरलेलं अर्धं त्याला आतून टोचत राहतं, तसं तिला टोचत होतं.

तिचं पुण्यातलं काम काय होतं ते सांगितल्याशिवाय काकावरचा संशय कळायचा नाही. शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते अतिशय बारीक पुड्यांतून. शास्त्रवाले त्यांना एक्झोसोम म्हणतात. दुधात या पुड्या भरपूर असतात आणि गाय नुकती व्यायलेली असताना निघणाऱ्या चिकात तर विचारायलाच नको. रुचिका चिकातून त्या वेगळ्या काढायची, विजेचा क्षणभराचा झटका देऊन त्यांचं आवरण जरासं उघडायची आणि आत औषधाचा जनुकीय धागा भरायची. धागा नुसताच अंगात सोडला तर तो वाटेतच नासतो. पुडीत बांधलेला असला तर दुखणाऱ्या स्नायूपर्यंत पोचण्याची आशा असते. अजून सगळं उंदरांवर चाललं होतं, पण आशा खरी होती.

आणि काकाच्या घरून आलेल्या चिकानं त्या आशेवर पाणी फिरवलं होतं. झटका दिला की भांड्यात ठिणगी उडायची. पुड्या एकमेकींना चिकटून गोळे व्हायचे. तळाशी करडा गाळ बसायचा आणि तपासणीची कागदी पट्टी बुडवली की ती निळी पडायची. चांगल्या दुधात ती निळी पडत नाही. दुधाच्या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही याचा अर्थ कळतो. नासायला आलेलं दूध तारायला त्यात सोडा घालतात. "तुमचा दूधवाला कोण आहे?" असं तिच्या प्रयोगशाळेच्या मॅडमनी विचारलं, तेव्हा "ओळखीचा आहे," एवढंच रुचिकानं सांगितलं. घरचा आहे म्हणायला जीभ वळली नाही.

हा माणूस तिला बापाच्या जागी होता. तिचे वडील गेल्यावर चन्नप्पानं तिला शिकवलं, कुणाच्या डोळ्यांत खुपलं तरी शिकवलं. त्याचा स्वतःचा मुलगा बसवेश तिच्याहून थोडा लहान. त्याचे स्नायू झिजत गेले. आधी जिना चढायचा थांबला, मग उठायचा थांबला, आणि मिसरूड फुटायच्या वयात गेला. मोठ्या शहरातल्या एका डॉक्टरनं भरल्या खोलीत सांगून टाकलं की हा दोष आईकडून मुलाला येतो. डॉक्टर सांगून मोकळा झाला. घरच्यांनी मात्र ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. बसवेशच्या आईची, बसम्माकाकूची, सासू मरेपर्यंत "हिच्याच पोटानं गिळलं" म्हणत राहिली. काकूनं त्यानंतर कुणाचं लेकरू मांडीवर घेतलं नाही. बारशाला गेली तरी पाळण्यापासून लांब उभी राहायची.

रुचिका ज्या आजारावर काम करत होती तो हाच. म्हणून तर तिनं घरच्या गाईंचा चीक मागितला होता. आणि त्याच चिकात काका सोडा कालवत असेल, तर मग जगात विश्वास ठेवायचा कुणावर?

"चन्नप्पामामाकडंच ना ताई?" जीप चालवणाऱ्या मुंजाजीनं आरशातून विचारलं. "त्येंच्या दुधाला तोड न्हाई बगा."

रुचिकाला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

घरी पोचल्यापासून तिचे डोळे शोधतच राहिले. आणि एकदा का मनात शंकेची पाल चुकचुकली की डोळ्यांना हवं ते सापडतंच. काकाच्या दूध संकलनाच्या खोलीत, कॅनच्या रांगेमागं धुण्याच्या सोड्याची गोणी होती. कॅन धुवायला सोडा लागतो हे तिला माहीत होतं. तरी गोणीचं तोंड उघडं का, हे तिनं मनात टिपून ठेवलं. काका तिला गोठ्याकडं जाऊ देईना. "तू दमून आलीस, बस की माय," म्हणाला. यापूर्वी हेच बोलणं तिला मायेचं वाटलं असतं.

"काका, दुधात कुणी काही घालतं का हो हल्ली?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

चन्नप्पा कॅनचं झाकण पुसत होता. "घालणारे घालत्यात," तो म्हणाला. "मला कावून इचारती?"

वर न बघता म्हणाला. तेही तिनं टिपलं.

तांबडी दुपारी व्याली. कालवड झाली, तांबडीसारखीच तांबडी, आणि उभी राहायच्या धडपडीत चारदा पडली. काकूच्या तोंडावर हसू आलं. वासराचं पिऊन झाल्यावर रुचिका स्वतः गाईखाली बसली आणि आपल्याबरोबर आणलेल्या बाटलीत थोडा चीक पिळून घेतला. "तपासायला लागतो," एवढंच म्हणाली. बाकीचा चीक चरवीतून घरात गेला, काही खरवसाला राहिला आणि काही पुण्याच्या मोठ्या बाटलीत भरून, बूच लावून काकानं तिच्यापुढं आणून ठेवला.

तिनं खोलीचं दार लावून घेतलं. दोन बाटल्या, दोन पट्ट्या. गाईखालून घेतलेल्या चिकाची पट्टी जशी हवी तशी राहिली. काकानं आणून दिलेल्या बाटलीतली निळी झाली. रुचिका पलंगावर बसली आणि कितीतरी वेळ तिला रडूही येईना. आपण चुकीचं ठरावं, एवढीच इच्छा घेऊन ती आली होती. ती इच्छा गेली.

संध्याकाळचं दूध घालून लोक पांगले, तेव्हा तिनं दोन्ही पट्ट्या काकाच्या वजनकाट्याशेजारी ठेवल्या.

"ही गाईखालच्या चिकाची. ही तुम्ही दिलेल्या बाटलीची. मधे काय झालं, काका?"

चन्नप्पानं चष्मा कपाळावर चढवला, पट्टी डोळ्यांजवळ नेली. "निळी हाय. मग?"

"मग म्हणजे, यात सोड्यासारखं काहीतरी आहे. त्यानं पुड्यांचे गोळे होतात. औषध आत जातच नाही. आजवर इथून आलेलं सगळं वाया गेलं."

"समदं?"

"सगळं."

चन्नप्पा मागं वळला. समोर अंगणापलीकडं स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि बसम्माकाकू खरवसाच्या वड्या पाडत बसली होती. तो तिच्याकडं बघत राहिला. बायको ऐकत तर नाही ना, हे बघतोय, असं रुचिकाला वाटलं आणि तिचा उरलासुरला धीर सुटला.

"मीच टाकला," तो म्हणाला.

"काय टाकला?"

"सोडा. चीक लांब जातो. वाटंत नासंल म्हणून."

"बर्फाच्या पेटीत नासतो?"

चन्नप्पानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला.

"बसवेशच्या आजाराचं औषध आहे हे. माहीत होतं ना तुम्हाला?"

"व्हतं माय." त्यानं पट्टी खाली ठेवली. "आता हितला चीक नगस नेऊ. दुसऱ्याकडनं घे. आन् काकूला ह्यातलं काय सांगू नगस. तेवढं एक ऐक माझं."

म्हणजे पोराच्या औषधात सोडा घातल्याची लाज नाही, लाज बायकोसमोर उघडं पडायची. रुचिकाच्या अंगाची आग झाली. ती सकाळीच निघाली. पाया न पडता निघाली. काकूनं हातावर दही ठेवलं तेही तिनं उभ्याउभ्या चाटलं.

तिनं चीक रामप्रसाद नावाच्या दुसऱ्या दूधवाल्याकडून घ्यायचं ठरवलं. त्याचा गोठा केजच्या बाहेर रस्त्यालगतच. काही दिवसांनी त्याची गाय व्याली तेव्हा ती आली, चीक घेतला आणि काकाच्या घरी न जाता परस्पर गेली. बर्फाची पेटी मुंजाजीच्या जीपमध्ये चढली. मुंजाजीनं पेटी बघितली, गोठा बघितला, आणि पुढं काही सांगायची गरज उरली नाही. सख्खी पुतणी, शिकलेली, दुधाच्याच तपासणीतली, काकाच्या दाराहून पुढं जाऊन दुसऱ्याचं दूध घेते. यावरून काय समजायचं ते केजनं समजून घेतलं.

पुण्यात सगळं सुरळीत झालं. ठिणगी उडेना, गोळे होईनात, धागा पुड्यांत जाऊन बसायला लागला. मॅडमनी पाठ थोपटली. रुचिकाला मात्र प्रत्येक चांगला निकाल म्हणजे काकाविरुद्धची आणखी एक साक्ष वाटायची, आणि खोलीवर परतली की तिला जेवण जायचं नाही.

मग एकदा शीतकपाटातल्या जुन्या नळ्या आवरताना त्या शेवटच्या बाटलीतला गाळ हाती लागला. टाकून देण्याआधी तिनं नळीत पाणी ओतलं आणि हलवलं. गाळ वर आला, फिरला आणि पुन्हा तळाशी जाऊन बसला. तिनं गरम पाणी घातलं. तेच.

सोडा पाण्यात विरघळतो.

रुचिका खुर्चीवर बसली. इतकी साधी गोष्ट. पहिल्या दिवसापासून गाळ डोळ्यांसमोर होता आणि रागानं तिला तो दिसला नव्हता. म्हणजे काका खोटं बोलला होता. पण माणूस न केलेला गुन्हा अंगावर का घेईल? तिच्या संशयाला यातूनही नवी पालवी फुटली. माणूस लहान चोरी कबूल करतो ती मोठी झाकायला. हा सोडा नसेल तर काय आहे? काय कालवतो हा माणूस, आणि तेच सगळ्या गावाला पाजतो की काय?

ती पुन्हा केजला गेली, या वेळी कुणालाही न कळवता.

संकलनाच्या खोलीत एरवी सकाळी कॅनचा खणखणाट असायचा. आता तीन-चार माणसं उभी होती, तीही चन्नप्पाशी न बोलता. तो मान खाली घालून माप ओतत होता. रुचिका तिथं न थांबता सरळ घरात गेली.

बसम्माकाकू तिला बघून उठली. "आलीस का? बरं झालं. मी फोन करणारच व्हते." तिनं रुचिकाचा हात धरला आणि आवाज खाली आणला. "मला समदं कळलंय. दूध घालाया येणाऱ्या बायांनी सांगितलं. ह्यांनी सोडा टाकला म्हणं तुझ्या औषिधात. मी इचारलं तोंडावर. व्हय म्हणले. तवापासनं मी बोलत न्हाई ह्यांच्याशी. ताट वाढते, पाणी ठिवते. बोलत न्हाई. आपलं पोर ज्यानं गेलं त्याच्या औषिधात सोडा टाकणारा माणूस, त्याच्याशी काय बोलावं?"

रुचिकानं तिला खाली बसवलं.

"तू इथला चीक सोडू नगस," काकू म्हणाली. "धाकली गाय काल व्याली. मी ह्यांचा हात लागू दिला न्हाई. मी पिळला, मीच बाटलीत भरला, आन् दर येळी टाकते तशी चिमूटभर विभूतीबी मीच टाकली."

"विभूती?"

"मठातली. बसवेशला लावायची तीच." काकू जराशी लाजली. "तू शिकलेली, हसशील म्हणून बोलले न्हाई कदी. पर लेकरांचं औषिध हुणार त्या चिकाचं. आपल्याकडनं तेवढंच. ह्यांनी सोडा टाकून माझी विभूतीबी वाया घालवली बग."

शेणाची राख. करडी, पाण्यात न विरघळणारी, पट्टी निळी करणारी. रुचिकानं दाराकडं पाहिलं. चन्नप्पा रिकामा कॅन हातात घेऊन उंबऱ्यापाशी उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं रुचिकाकडं बघून हळूच मान हलवली. नको.

ती त्याच्या मागोमाग गोठ्यात गेली.

"तुम्हाला माहीत होतं."

"विभूती टाकती ते दिसायचं मला. त्यानं बिघडतंय ते काय ठावं? तू पट्टी दावलीस तवा कळलं." त्यानं तांबडीच्या पाठीवर हात ठेवला. "मग मी काय करू? तिच्याकडं बोट दावू? एकदा सांगितलं तिला समद्यांनी, तुझ्यामुळं पोर गेलं. डाक्टरनं सांगितलं, माझ्या आईनं सांगितलं. आता औषिधबी तुझ्याच हातानं नासलं, हे कसं सांगू रुचे? ती जगंल का?"

"पण मला तरी सांगायचं होतं. एकटीला."

"तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावरनं तिनं वळखलं असतं. तुला खोटं कुठं बोलता येतंय." तो कसनुसा हसला. "म्हणलं तू दुसऱ्याकडनं घेशील, संपलं. लोकांचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई. आन् ही बोलायची थांबंल हेबी न्हाई आलं."

एवढं बोलून त्यानं डोळ्यांना उपरणं लावलं. ज्या माणसाच्या प्रत्येक हालचालीत तिनं चोरी शोधली होती, तो बायकोसाठी स्वतःचं नाव मातीत घालून गप्प बसला होता. आणि ते नाव मातीत घालायला रुचिका स्वतः पेटी घेऊन जीपमध्ये चढली होती. तिला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

ती घरात परतली ती ठरवूनच.

"काकू, काकांनी सोडा टाकलेला नाही."

"ते व्हय म्हणले की."

"माझ्यासाठी म्हणाले. चूक माझी होती. बाटल्या आम्ही पुण्यात सोड्याच्या पाण्यानं धुतो. मी नीट विसळल्या नाहीत. त्याच बाटल्या इथं पाठवल्या आणि काकांवर आळ घेतला. परवा माझ्या ध्यानात आलं."

काकू तिच्या तोंडाकडं बघत राहिली. रुचिकानं नजर हलवली नाही. काका म्हणाला होता, तुला खोटं बोलता येत नाही. आज येऊ दे, एवढंच ती मनात म्हणत होती.

"आणि विभूती आता आत नको टाकूस," ती घाईनं पुढं म्हणाली. "बाटलीवर बाहेरून तीन बोटं ओढ. आत टाकली की कुणाला दिसत नाही. बाहेरून असली की आमच्याकडं सगळ्यांना दिसेल."

"समद्यांना दिसंल?" क्षणभर काकूचा चेहरा उजळला. मग तिला पहिलं बोलणं पुन्हा आठवलं आणि ती ताडकन उठली. "चल. माझ्यासंगं चल." रुचिकाचं मनगट धरून तिनं तिला अंगणातून ओढत संकलनाच्या खोलीत नेलं. चन्नप्पा लगबगीनं पाठोपाठ आला. तिथं मघाची माणसं होतीच, मुंजाजीही चहाला थांबला होता.

"बोल," काकू म्हणाली. "आत्ता मला बोललीस ते हितं बोल."

रुचिका बोलली. बाटली, सोडा, विसळायचं राहिलं, काकाचा दोष नाही. चारचौघांत, मोठ्यानं, पुण्यात शिकलेल्या बाईला बाटली धुता येत नाही हे सगळ्यांनी ऐकलं. कुणीतरी हसलं. मुंजाजीनं कप खाली ठेवला आणि कुठं बघावं ते त्याला कळेना.

"पाया पड त्यांच्या," काकू म्हणाली.

रुचिकानं वाकून काकाच्या पायांवर डोकं ठेवलं. ते पाय शेणानं आणि दुधानं भरलेले होते. तिच्या डोक्यावर काकाचा हात आला आणि तिथंच राहिला.

"असू दे. लेकरू हाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "चुकतंय माणूस."

"आन् तुमी?" काकूचा आवाज फाटला. इतक्या दिवसांनी ती नवऱ्याशी बोलत होती. "तुमी कावून गप बसलात? मी बोलत नव्हते तुमच्याशी. एका शब्दानं सांगायचं तरी, मी न्हाई केलं म्हणून."

चन्नप्पानं रुचिकाच्या वाकलेल्या डोक्याकडं पाहिलं.

"आपल्या पोरीचं नाव कसं घ्यावं?" तो म्हणाला.

काकू तोंडाला पदर लावून तिथंच खाली बसली आणि रडायला लागली. लोकांनी आपापले कॅन उचलून पुढं सरकवले. चन्नप्पानं मापाला हात घातला. रुचिका अजून वाकलेलीच होती. तिनं तोंड वर केलं असतं, तर काकूनं ते बघून सगळं ओळखलं असतं.